पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई सरस्वती (२३ एप्रिल १८५८ - ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, लेखिका, बायबलच्या मराठी अनुवादक आणि समाजसुधारक होत्या. उच्चवर्णीय विधवांसाठी काढलेले शारदासदन आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्ती मिशन या त्यांच्या दोन प्रमुख संस्था होत. विधवांच्या शिक्षणाचे त्यांचे कार्य पाठ्यपुस्तकांमुळे सर्वांना परिचित आहे. दुष्काळात फसवल्या गेलेल्या, विकल्या गेलेल्या आणि लैंगिक शोषणाला बळी पडलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी केडगावला कृपासदन नावाचा स्वतंत्र विभाग चालवला, त्याचा उल्लेख मात्र बहुधा एखाद्या ओळीत उरकला जातो. अशा स्त्रियांना निवारा, औषधोपचार, शिक्षण आणि उपजीविकेचे साधन एकाच ठिकाणी देणाऱ्या महाराष्ट्रातील आरंभीच्या मोठ्या प्रयत्नांत या कामाची गणना करावी लागते.

बालपण आणि भ्रमंती

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण कुटुंबातील व्युत्पन्न संस्कृत पंडित. स्त्रियांनाही संस्कृत विद्या शिकता आली पाहिजे असे त्यांचे मत होते, आणि ते त्यांनी घरातच आचरणात आणले. गोदावरीकाठी तीर्थयात्रेत असताना त्यांचा लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. लक्ष्मीबाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या आणि शास्त्रीबुवा चाळिशी ओलांडलेले. बालवधूला संस्कृत शिकवण्याचा हा उद्योग आप्तांना व धर्ममार्तंडांना रुचला नाही. धर्मसभेपुढे अनंतशास्त्रींनी आपल्या कृतीचे शास्त्राधारे समर्थन केले आणि पुढे पश्चिम घाटातील गंगामूळ या अरण्यभागात आश्रम करून ते राहिले. रमाबाईंचा जन्म तेथेच झाला.

रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच कुटुंबाने आश्रम सोडला. त्यानंतरची वर्षे तीर्थक्षेत्री पुराण सांगत, मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करीत गेली. रमाबाईंना संस्कृतचे धडे मुख्यतः आईने दिले. पहाटे, सगळे झोपलेले असताना, लक्ष्मीबाई मुलीला मांडीवर घेऊन पाठ देत. बाराव्या वर्षाच्या सुमारास भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले होते.

मद्रास इलाख्यात अवर्षणाची वर्षे आली तेव्हा या कुटुंबाजवळचे सर्व संपले. भिक्षा मागणे आणि मजुरी करणे या दोन्हींची सवय नव्हती आणि पुराण ऐकायला कोणाच्या घरी धान्य नव्हते. झाडपाल्यावर दिवस काढून कुटुंबाने एकत्र देहत्याग करण्याचाही विचार केला. १८७४ मध्ये अनंतशास्त्री आणि काही आठवड्यांतच लक्ष्मीबाई निवर्तल्या, त्यानंतर थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री हे दोघेच उरले आणि पुढची काही वर्षे देशभर पायी हिंडत राहिले. भुकेने माणसाचे काय होते, विशेषतः निराधार तरुण मुलीचे काय होऊ शकते, हे रमाबाईंना कोणी सांगावे लागले नाही. वीस वर्षांनी मध्य प्रांतात त्या ज्या कामासाठी गेल्या त्याचे मूळ या अनुभवात आहे.

कलकत्ता आणि विवाह

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. एका विशीतल्या अविवाहित मुलीने भरसभेत संस्कृतातून उत्तरे द्यावीत, हे त्या काळी नवलच होते. ब्राह्मो समाजाच्या सहवासात त्यांनी वेद व धर्मशास्त्रे यांचा अभ्यास सुरू केला. स्त्रीविषयी या ग्रंथांत आढळणाऱ्या विधानांनी त्या अस्वस्थ झाल्या. परस्परांशी क्वचितच जुळणारी शास्त्रे स्त्रीला अपवित्र ठरवण्यात मात्र एकमत आहेत, हा त्यांचा निष्कर्ष याच काळातील.

१८८० मध्ये श्रीनिवासशास्त्रींचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मेधावी शूद्र मानल्या गेलेल्या जातीतील होते, त्यामुळे हा विवाह जात आणि प्रांत या दोन्ही सीमा ओलांडणारा होता. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये मेधावी कॉलऱ्याने वारले.

पुण्यातील पहिला काळ

लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई १८८२ मध्ये पुण्यास आल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि प्रार्थनासमाजातील मंडळींनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. मुलींसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर तयार करावेत, ही त्यांची मागणी साक्षीचा गाभा होती.

निराश्रित स्त्रियांचा प्रश्न पुण्याला तोपर्यंत अपरिचित नव्हता. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी १८६३ मध्ये आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. पंढरपूरला प्रार्थनासमाजाचे असे गृह १८७५ मध्ये सुरू झाले. घरातल्याच पुरुषांकडून वा अन्य कोणाकडून गरोदर राहिलेल्या विधवांना गुपचूप बाळंत होता यावे आणि मूल जिवंत राहावे, हा या गृहांचा हेतू. मात्र बाळंतपणानंतर त्या स्त्रीने जगायचे कसे, हा प्रश्न पुष्कळ अंशी तसाच राहत असे. रमाबाईंच्या पुढील कार्याचे वेगळेपण येथेच शोधावे लागते.

इंग्लंड: वाँटेज आणि फुलहॅम

वैद्यकीय शिक्षण घ्यावे या इच्छेने रमाबाई १८८३ मध्ये मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. प्रवासखर्चाला स्त्रीधर्मनीतीच्या विक्रीचा आधार झाला. वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघात त्यांची राहण्याची सोय होती. श्रवणशक्ती क्षीण होत गेल्याने डॉक्टर होण्याचा बेत सोडावा लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्या हाताखाली त्यांनी अध्ययन केले व संस्कृतचे अध्यापनही केले.

त्यांच्या धर्मांतराची चर्चा महाराष्ट्रात तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे, पण त्यामागच्या एका प्रसंगाकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. रमाबाईंनी तो आपल्या आत्मनिवेदनात नोंदवला आहे. भगिनीसंघाने त्यांना हवापालटासाठी लंडनमधील फुलहॅम येथील शाखेत पाठवले. तेथे वेश्याव्यवसायातून बाहेर आलेल्या किंवा फसवणुकीने त्या मार्गाला लागलेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृह होते. पूर्वी त्याच जीवनात असलेल्या काही स्त्रिया आता तेथे इतरांची शुश्रूषा करताना रमाबाईंना दिसल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रीशी कोणी ममतेने वागते, तिला उभे राहण्यास मदत करते, हे त्या प्रथमच पाहत होत्या. त्यांनी वाचलेल्या धर्मशास्त्रांत अशा स्त्रीला दयेची तरतूद नव्हती, होती ती क्रूर शिक्षेची. या भगिनी हे काम का करतात, असे त्यांनी एका भगिनीला विचारले. तिने उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. पाच नवरे झालेल्या आणि सहाव्याबरोबर राहणाऱ्या त्या स्त्रीशी येशू तुच्छतेने नव्हे तर गंभीर धर्मचर्चा करतो.

ख्रिस्ती धर्म हीच भारतीय स्त्रीच्या उद्धाराची वाट आहे, असा रमाबाईंचा विश्वास येथून दृढ होत गेला. तो सर्वांना पटेल असे नाही. परंतु त्यांच्या धर्मांतराचे एक कारण तत्त्वचर्चेत नसून शोषित स्त्रीला मिळणाऱ्या वागणुकीत होते, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे केडगाव नीट समजत नाही. फुलहॅम आणि केडगावचे कृपासदन यांत सोळा-सतरा वर्षांचे अंतर आहे.

धर्मांतर केल्यावरही त्या आज्ञाधारक अनुयायी झाल्या नाहीत. चर्चची अधिकारपरंपरा आणि काही सिद्धान्त यांबाबत वाँटेजच्या भगिनींशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला आणि त्यात त्यांनी आपले मत सोडले नाही. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये सत्सारमधून रमाबाईंची बाजू घेतली.

अमेरिकेतील वास्तव्य

१८८६ मध्ये आप्त असलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि अडीच-पावणेतीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. त्यांनी बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला, देशभर व्याख्याने दिली आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. विधवांसाठी काढायच्या शाळेला दहा वर्षे आर्थिक साहाय्य देण्याची जबाबदारी तिने घेतली. अमेरिकेतील स्त्रियांच्या संघटना, त्यांची वर्गणी गोळा करण्याची रीत, हिशेब, अहवाल हे सर्व रमाबाईंनी बारकाईने पाहिले. युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त (१८८९) या त्यांच्या मराठी पुस्तकात ते आले आहे. मुक्ती मिशनला पुढे जे अहवाल व पत्रके काढून चालवले गेले, त्याचे शिक्षण त्यांनी येथे घेतले असे म्हणता येते.

शारदासदन

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई नातू या पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई अर्थात बाया कर्वे म्हणून प्रसिद्ध झाल्या. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास हलले. सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, प्रत्येकीने आपला धर्म व जातीचे आचार पाळावेत, असे धोरण होते. रानडे, रा. गो. भांडारकर आदी मंडळी सल्लागार होती.

रमाबाई स्वतः करीत असलेल्या प्रार्थनेला काही मुली येऊन बसू लागल्या आणि त्यावरून वाद उठला. केसरीने सदनावर सतत टीका केली. १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. मुलींना दार उघडे ठेवणे म्हणजे धर्मप्रसार नव्हे, ही रमाबाईंची भूमिका होती. पालकांचा विश्वास वेगळ्या अटीवर मिळवला होता, हा विरोधकांचा मुद्दाही अगदीच पोकळ नव्हता. पुढे १८९६ मध्ये कर्वे यांनी विधवांसाठी स्वतंत्र संस्था उभी केली. स्थानिक सुधारकांशी असलेले नाते तुटल्याने रमाबाई एकाकी पडल्या, पण त्यांच्या कामाला आता जातीची मर्यादा राहिली नाही.

वृंदावनची पाहणी

१८९५ च्या सुमारास रमाबाई वेषांतर करून मथुरा-वृंदावनला गेल्या. तीर्थक्षेत्री राहणाऱ्या विधवांविषयी त्यांनी जे ऐकले होते ते स्वतः पाहण्यासाठी हा प्रवास होता. बालपण तीर्थक्षेत्री गेलेले असल्याने यात्रेकरूंत मिसळणे त्यांना अवघड गेले नाही. पुण्यप्राप्तीचे आमिष दाखवून खेड्यापाड्यांतील तरुण विधवांना दलाल तेथे आणतात, त्यांच्याजवळचा पैसा संपला की त्यांना भाडे व अन्न यांसाठी देह विकावा लागतो आणि वय झाल्यावर त्या रस्त्यावर येतात, असे त्यांनी लिहून प्रसिद्ध केले. आजच्या भाषेत ज्याला मानवी वाहतूक म्हणतात तिची सर्व अंगे या वर्णनात आहेत: गावात येणारा ओळखीचा माणूस, फसवे आश्वासन, दूरचे ठिकाण, कर्ज आणि परतीचा बंद झालेला रस्ता.

त्या काळचा कायदा या बाबतीत तोकडा होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेने सोळा वर्षांखालील मुलीची वेश्याव्यवसायासाठी खरेदी-विक्री गुन्हा ठरवली होती. संमतिवय १८९१ मध्ये दहावरून बारा वर्षे झाले आणि त्यावरूनही महाराष्ट्रात रण माजले. सज्ञान स्त्रीची फसवणूक झाली तर तिला सोडवून कोठे ठेवावे, याची सरकारी व्यवस्था नव्हती. मुंबई प्रांताचा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा १९२३ मध्ये आला, म्हणजे रमाबाईंच्या निधनानंतर एका वर्षाने, आणि देवदासी संरक्षण कायदा १९३४ मध्ये.

दुष्काळ आणि मध्य प्रांत

१८९६ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई प्रत्यक्ष तेथे गेल्या. दुष्काळी कामे आणि सरकारी निराश्रितगृहे यांत जे दिसले ते त्यांनी दुष्काळातील अनुभव या आशयाच्या इंग्रजी लेखनात नोंदवले. अन्नछत्र असूनही तरुण मुली तेथे सुरक्षित नव्हत्या. कामावरचे मुकादम आणि निराश्रितगृहातले शिपाई मूठभर धान्याच्या बदल्यात त्यांचा उपभोग घेत. बाहेर दलाल उभेच असत. आईबाप मेलेल्या किंवा आईबापांनीच विकलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुली शहरांतील कुंटणखान्यांत पोचत होत्या. काही मुली गुप्तरोगांनी ग्रासलेल्या होत्या. सरकारी अधिकाऱ्यांनी धान्य दिले पण राखण ठेवली नाही, असा रमाबाईंच्या टीकेचा रोख होता.

त्यांनी मुली गोळा करण्यास सुरुवात केली. हे काम वाटते तितके सोपे नव्हते. ही बाई मुलींना धष्टपुष्ट करून उलटे टांगते व त्यांचे तेल काढते, अशा अफवा पसरवल्या जात. दलालांना त्या हव्याच होत्या, आणि ज्यांनी माणसांकडून फक्त दगाच अनुभवला होता त्या मुलींनी त्यांवर विश्वास ठेवला यात आश्चर्य नाही. यायला तयार झालेल्या मुलींना रेल्वेने पुण्यास आणले गेले. शारदासदनातील मोठ्या विद्यार्थिनींनी नव्या मुलींना आंघोळ घालणे, केस काढणे, जखमा धुणे, बेताबेताने खाऊ घालणे ही कामे वाटून घेतली. कालपर्यंत सोवळ्यात वाढलेल्या ब्राह्मण विधवा गोंड, कुणबी, महार मुलींच्या उवा वेचीत होत्या. या घटनेचे सामाजिक मोल सदनाच्या कोणत्याही अहवालापेक्षा मोठे आहे.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगचा कहर झाला आणि नव्या मुलींना शहरात ठेवण्यास मनाई झाली. रमाबाईंनी केडगाव येथे संस्थेच्या उत्पन्नासाठी सुमारे शंभर एकर जमीन आधीच घेतली होती. तेथे संत्री-लिंबांची बाग करण्याचा विचार होता. तंबू आणि गवती छपरे उभारून मुलींना तेथे हलवण्यात आले. त्याच वर्षी आपल्या संस्थेतील एक मुलगी प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत नेली गेल्यावर हरवली, तिचे काय झाले, असा जाब त्यांनी मुंबईच्या एका ख्रिस्ती नियतकालिकात पत्र लिहून सरकारला विचारला. हे प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले. परदेशी धर्माची बाजू घेणारी म्हणून ज्या बाईला हिणवले जात होते, तिने एका निराधार मुलीसाठी परकीय सरकारशी उघड भांडण मांडले.

केडगाव आणि कृपासदन

२४ सप्टेंबर १८९८ रोजी केडगावच्या वसाहतीचे मुक्तिसदन म्हणून विधिवत उद्घाटन झाले. १९०० मधील दुष्काळात गुजरात, काठेवाड व राजपुताना येथून मुली व स्त्रिया आल्या आणि रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या जवळपास पोचली. त्या वर्षी केडगावलाही पाण्याचे दुर्भिक्ष होते. विहिरी खणून ते निभावले.

वसाहतीचे विभाग गरजेनुसार वाढत गेले. शारदासदन शिक्षणासाठी होते आणि प्रीतिसदन वृद्ध व अपंगांसाठी. मुलग्यांसाठी सदानंदसदन आणि अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकवणारा विभागही होता. शोषणातून सुटलेल्या स्त्रियांसाठी १८९९ च्या सुमारास कृपासदन निघाले आणि पुढे त्याला स्वतंत्र इमारत मिळाली.

कृपासदनात येणाऱ्या स्त्रिया एकाच प्रकारच्या नव्हत्या. काही कुंटणखान्यातून सुटलेल्या, काही दुष्काळी कामावर नासवल्या गेलेल्या, काही गरोदर असल्याने घराबाहेर काढलेल्या होत्या. त्यांत अगदी लहान मुलीही असत. गुप्तरोगावर त्या काळी खात्रीचे औषध नव्हते, त्यामुळे शुश्रूषा दीर्घकाळ चाले आणि अनेक जणी दगावतही. येणाऱ्या सर्वच टिकल्या असे नाही. बंदिस्त, शिस्तीचे, घंटेवर चालणारे जीवन काहींना मानवले नाही.

ज्या टिकल्या त्यांच्यासाठी दिवसाचा काही भाग लिहिण्यावाचण्याचा आणि काही भाग कामाचा असे. कामाचे स्वरूप पाहिले तर रमाबाईंची व्यवहारदृष्टी कळते. शेती, गुरे, दूधदुभते, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, धुलाई, स्वयंपाक, रुग्णशुश्रूषा, शिकवणे, छापखान्यात खिळे जुळवणे आणि यंत्र चालवणे ही सगळी कामे स्त्रिया करीत. वसाहतीला लागणारे कापड मागावर निघे, धान्य शेतात पिके आणि पुस्तके तेथेच छापली जात. पुरुषांची समजली जाणारी कामे स्त्रियांना शिकवण्यामागे तत्त्वापेक्षा निकड अधिक असावी, पण परिणाम तोच झाला. हातात कसब असलेल्या बाईला दलालाकडे किंवा सासरी परत जाण्याची सक्ती उरत नव्हती. देखरेखीसाठी मुलींचे लहान गट करून प्रत्येक गटावर एक मोठी बाई नेमलेली असे आणि ती बाई पुष्कळदा पूर्वी अशाच एका दुष्काळातून आलेली असे. फुलहॅमला पाहिलेली रीत केडगावला या रूपात दिसते.

कृपासदनाची एक बाजू आजच्या वाचकाला खटकेल. इतर विभागांपासून ते वेगळे, कुंपणाने विलग ठेवलेले होते. रोगाचा संसर्ग हे त्याचे एक कारण होते, पण या स्त्रियांच्या सहवासाने इतर मुली बिघडतील ही त्या काळची समजूतही त्यात होती. त्या काळच्या मिशन साहित्यात या स्त्रियांसाठी पतित हा शब्द सर्रास येतो आणि पश्चात्तापाची अपेक्षा तिच्याकडून केली जाते जिच्यावर अन्याय झाला आहे. रमाबाईंच्या स्वतःच्या लेखनात मात्र दोषाचा काटा पुनःपुन्हा दलाल, मुकादम, पंडे आणि मुलीला घराबाहेर घालवणारे नातेवाईक यांच्याकडे वळतो. या दोन भाषा त्यांच्यात शेवटपर्यंत एकत्र नांदल्या.

निजामाच्या हैदराबाद संस्थानातही मिशनचे काम पोचले. मनोरमाबाईंच्या देखरेखीखाली १९१२ च्या सुमारास गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) येथे मुलींची शाळा सुरू झाली. गुलबर्गा आणि त्याला लागून असलेला उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्हा हे दोन्ही तेव्हा त्याच संस्थानात होते आणि तेथे मुलींच्या शिक्षणाच्या सोयी फार थोड्या होत्या.

समकालीनांची भूमिका

मुक्ती मिशनमधील जवळजवळ सर्व रहिवासी कालांतराने ख्रिस्ती झाले. १९०५ मध्ये तेथे मोठे धार्मिक पुनरुज्जीवन घडले आणि मुक्ती मिशनचे नाव जगभरच्या ख्रिस्ती वर्तुळात गाजले. महाराष्ट्रातील सुशिक्षित वर्गाने त्यानंतर केडगावकडे जवळपास पाठ फिरवली. भुकेल्या मुलीचे धर्मांतर हे खरे धर्मांतर मानावे काय, हा आक्षेप गंभीर आहे आणि मिशनच्या उत्साही अहवालांनी त्याचे निरसन होत नाही. पण त्याच दुष्काळात त्या मुलींच्या बाजूला दुसरे कोण उभे होते, या प्रश्नाचे उत्तरही आक्षेपकांना सोपे नव्हते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी देवाला सोडलेल्या मुरळ्यांच्या सुटकेसाठी आवाज उठवला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात.

अखेरची वर्षे

रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद हाती घेतला. केडगावच्या कमी शिकलेल्या स्त्रियांना समजेल अशी भाषा वापरणे हा त्यांचा कटाक्ष होता. भागवत मुखोद्गत असलेल्या विदुषीने संस्कृतप्रचुर शब्द टाळण्यासाठी वर्षानुवर्षे झटावे, हे मराठी भाषेच्या अभ्यासकांनी अधिक तपासून पाहण्यासारखे आहे. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. मनोरमाबाई त्यांच्या वारस म्हणून तयार झाल्या होत्या, पण जुलै १९२१ मध्ये त्यांचे निधन झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाई मरण पावल्या. अनुवादाचे काम तेव्हा नुकतेच पूर्ण झाले होते. तो ग्रंथ १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून, तेथील स्त्रियांनी जुळवलेल्या खिळ्यांनी छापून प्रसिद्ध झाला.

भारतीय टपाल खात्याने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाई मुक्ती मिशन आजही कार्यरत असून निराधार स्त्रिया व मुले यांच्यासाठी वसतिगृह, शाळा आणि रुग्णालय चालवते.